‘मग पुढे काय झालं?’ विचारू नका

मुलुंडला माझ्याकडे सुपरव्हिजनला येणाऱ्या तरुण समुपदेशकांची मी पहिली सवय मोडते ती ‘मग पुढे काय झालं?’ विचारण्याची. एम.ए. करताना ही मुलं ऐकून घ्यायला शिकतात. समोरच्याला थांबवायचं कसं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

रोलप्लेमध्ये क्लायंट मी होते. लहानपणी घरातल्याच माणसाने केलेल्या अत्याचाराबद्दल बोलता बोलता आवाज बारीक करते, नजर भिंतीला लावते, उत्तरं उशिरा देते. समोरची मुलगी वहीत लिहीतच राहते. तिला वाटतं, बाईंचं मन मोकळं होतंय. बाई तर केव्हाच तिथे नसतात. असह्य आठवणीपासून मन असं सुटं होतं, त्याला डिसोसिएशन म्हणतात. फ्रान्सच्या पिएर जाने यांनी १८८९ सालीच यावर ग्रंथ लिहिला होता. वर्षानुवर्षांच्या छळातून होणारा ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आला तो २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये.

अशा वेळी गोष्ट तिथेच ठेवायची. ‘पाय जमिनीला टेकवा. पंख्याचा आवाज येतोय? आत्ता आपण कुठे बसलोय?’

ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये उपचाराचे तीन टप्पे मांडले : आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, मग पुन्हा माणसांत मिसळणं. शिकाऊंना घाई दुसऱ्याची. आमच्याकडे घोडं अडतं पहिल्यातच. घाटकोपरच्या दहा बाय बाराच्या खोलीत त्रास देणारा त्याच पंख्याखाली झोपत असेल, तर सुरक्षित कुठे व्हायचं? परदेशी पुस्तकं प्रत्येकाला स्वतंत्र खोली आहे असं धरूनच चालतात. इथे शेजारीण कोण, रात्री बहिणीकडे जाता येईल का, कागदपत्रं कुणाकडे ठेवायची, हे विचारावं लागतं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ ही संस्था आणि महापालिकेने उभ्या केलेल्या ‘दिलासा’ केंद्रात हिंसाचार सोसणाऱ्या बायकांसोबत असंच नियोजन होतं. माझ्या मते ते बघून यावं. दोन दिवसांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रातून हे येत नाही.

दुसरी घाई निदानाची. नवरात्रात देवीपुढे घुमून हलकी होऊन घरी जाणारी बाई आजारी नव्हे. आयसीडी-११ सुद्धा तिला आजारी म्हणत नाही. पण ओट्यापाशी, नको असताना, वारंवार भान जातं आणि मधला वेळ आठवतच नाही, तर नीट विचारायला हवं.

सेशनच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत जुना विषय बंद. आज वार कोणता, गाडी कुठली पकडणार, रात्री भाजी काय करणार? समोरच्या बाईला पूल चढून, गर्दीतून वाट काढत कल्याण स्लो गाठायची असते. पूर्ण भानावर आली नसेल तर मी उठू देत नाही. पुढच्याला थांबावं लागलं तरी चालेल.