रोज पाणी घातले म्हणजे बाग जगते?

‘जयपूरच्या उन्हाळ्यात बागेला रोज पाणी हवेच, वाळवंट आहे ना!’ हे मराठी शेजाऱ्यांकडूनही इतक्यांदा ऐकले आहे की आता स्पष्टच बोलायला हवे.

मुळात जयपूर थरच्या वाळवंटात नाही. या निमशुष्क शहरात वर्षाला साधारण 600 मिलिमीटर पाऊस पडतो. नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी तालुक्यांपेक्षा तो कमी नाही.

रोज नळीने शिंपडले की मातीचा वरचा इंचभर थर भिजतो. त्यातले बरेचसे पाणी उन्हात उडून जाते आणि मुळे वरच्या वरच पसरतात. मग एक दिवस खाडा झाला की झाड मान टाकते. ही सवय आपणच लावलेली असते! रुजलेल्या झाडाचे आळे भरून वीतभर खोल ओल जाऊ द्या आणि पुन्हा पाणी देण्याआधी बोटभर माती उकरून पाहा. ओल लागली तर नळ उघडू नका. कुंड्या आणि नवी रोपे यांना मात्र मे महिन्यात रोज पाणी लागते.

हिरवळीचा हिशेब तर सरळ आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरला रोज पाच मिलिमीटर दिले, तर 500 लिटर. शहरी पुरवठ्याचे केंद्रीय मानक माणशी रोज 135 लिटर आहे. म्हणजे जवळजवळ चार माणसांचे पाणी गवतावर जाते! आणि हे पाणी येते कुठून? पूर्वी जयपूरला पाणी देणाऱ्या ज्या रामगड तलावावर 1982 च्या आशियाई खेळांतल्या नौकास्पर्धा झाल्या, तो केव्हाच आटला. आज जयपूरची तहान भागते ती टोंक जिल्ह्यातल्या बिसलपूर धरणावर, शंभराहून अधिक किलोमीटरवरून आणलेल्या पाण्याने.

आणखी काही समज. दुपारी पाण्याच्या थेंबांनी पाने जळतात? हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवले की गुळगुळीत पाने जळत नाहीत. दुपारी पाणी टाळायचे ते बाष्पीभवनामुळे. कुंडीच्या तळाशी खडी घातल्याने निचरा सुधारतो? नाही, उलट खडीच्या वरच्या मातीत पाणी साचून राहते. ठिबक लावले की बचत आपोआप होते? तासन्तास चालू ठेवले तर मुळीच नाही. आरओचे टाकाऊ पाणी झाडांना चालते? त्यात क्षार एकवटलेले असतात. त्याने लादी पुसा.

हिरवळीशिवाय बाग शोभत नाही असे वाटत असेल, तर नाहरगडच्या पायथ्याची किशन बाग पाहून या. तिथे वाळूच्या टेकड्यांवर इथलीच गवते आणि झुडपे वाढवली आहेत. आणि येत्या पावसाळ्यात हिरवळीचा निम्मा तरी तुकडा काढून तिथे एक खेजडी, म्हणजे आपली शमी, लावा.