शिल्लक तेलाचा शोध आणि भूस्तरांची प्रतिकृती

रायपूरहून बलौदा बाजाराकडे जाणाऱ्या प्रवाशास सिमेंटचे कारखाने आणि त्यांना दगड पुरविणाऱ्या चुनखडकाच्या खाणी दिसतात. हा खडक सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी एका उथळ समुद्राच्या तळाशी साचला. तेथे खनिज तेलाचे क्षेत्र नाही. तथापि तेल भूगर्भात कसे राहते हे समजून घेण्यास असा दगड डोळ्यांपुढे असणे उपयोगी पडते. तेल पृथ्वीच्या पोटात तळ्यासारखे साचलेले असते, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. स्पंजात पाणी मुरून राहावे त्याप्रमाणे तेल खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत राहते. खडकातील छिद्रांच्या प्रमाणास सच्छिद्रता म्हणतात, आणि त्या छिद्रांतून द्रव कितपत वाहू शकतो, ह्या गुणास पार्यता म्हणतात. हे दोन गुण ध्यानात ठेवले म्हणजे पुढील विवेचन सोपे होईल.

भारतातील सर्वांत मोठे तैलक्षेत्र चुनखडकातच आहे; मात्र तो खडक रायपूरच्या मानाने अगदी तरुण, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचा आहे. हे क्षेत्र म्हणजे मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्राखाली असलेले ‘बॉम्बे हाय’ होय. १९६५ च्या सुमारास भारतीय व सोव्हिएत तज्ज्ञांच्या सर्वेक्षणात समुद्रतळाखालील हा उंचवटा प्रथम लक्षात आला. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ ह्या तरफ्यावरून तेथे पहिली विहीर खोदण्यात आली आणि तेल लागले. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढील दशकात ते शिखरास पोचले, आणि त्यानंतर उतरणीस लागले.

उत्पादन उतरले म्हणजे तेल संपले काय? नाही. जगातील तैलक्षेत्रांतून मूळ साठ्याचा सरासरीने सुमारे एक तृतीयांश भागच वर काढता येतो. उरलेला खडकातच राहून जातो. प्रारंभी भूगर्भातील दाबामुळे तेल आपोआप वर येते. दाब ओसरला म्हणजे काही विहिरींतून खाली पाणी सोडतात, आणि ते पाणी तेलाला इतर विहिरींकडे रेटते. येथेच अडचण उद्भवते. भाताच्या खाचरात पाणी सोडले असता ते खेकड्याने पाडलेल्या बिळातून बांधापलीकडे निघून जाते आणि खाचराचा दूरचा कोपरा कोरडाच राहतो, हे शेतकऱ्यास ठाऊक आहे. भूगर्भातही तसेच घडते. अधिक पार्यतेच्या थरातून पाणी धाव घेते, शेजारच्या घट्ट थरातील तेल जागचे हलत नाही, आणि विहिरीतून तेलाऐवजी पाणीच अधिक येऊ लागते.

शेतकऱ्याला खाचर दिसते. भूगर्भशास्त्रज्ञाला मात्र किलोमीटरभराहून खोल असलेला खडक दिसत नाही. म्हणून त्याला त्या खडकाची प्रतिकृती रचावी लागते. तिची साधने मुख्यतः तीन. विहिरी खणताना काढलेले खडकाचे दंडगोल प्रयोगशाळेत तपासून त्यांची सच्छिद्रता व पार्यता मोजतात. विहिरीत उपकरणे सोडून थरांचा विद्युत्‌रोध आणि किरणोत्सर्ग नोंदवितात. तिसरे साधन ध्वनिलहरींचे: समुद्रात निर्माण केलेल्या लहरी निरनिराळ्या थरांवरून परावर्तित होऊन येतात, आणि त्यांवरून थरांचा आकार व त्यांतील भेगा कळतात.

परंतु दोन विहिरींच्या मधल्या जागेचे काय? तेथील खडकाला कोणीही स्पर्श केलेला नसतो. हा प्रश्न तेलाच्या आधी सोन्याच्या खाणींत उपस्थित झाला होता. दक्षिण आफ्रिकेतील खाण अभियंता डॅनी क्रिग ह्यांनी मोजक्या नमुन्यांवरून मधल्या खडकातील सोन्याचा अंदाज बांधण्याची सांख्यिकी रीत १९५१ मध्ये मांडली. फ्रेंच गणितज्ञ जॉर्ज माथेराँ ह्यांनी तिला शास्त्राचे रूप दिले. आता संगणकात संपूर्ण क्षेत्राचे लक्षावधी लहान ठोकळे कल्पून प्रत्येकास अशा रीतीने गुण नेमून देतात.

एवढ्याने काम संपत नाही. गणित सोडविल्यावर विद्यार्थी जसा ताळा करून पाहतो, तसा येथेही करावा लागतो. प्रतिकृतीतील विहिरी पहिल्या दिवसापासून ‘चालवून’ पाहतात. प्रत्यक्ष विहिरींतून गेल्या अनेक वर्षांत जेवढे तेल, वायू व पाणी आले तेवढेच प्रतिकृतीतूनही आले, तर ताळा पडला. न पडल्यास प्रतिकृतीत दुरुस्ती करतात. ह्या दृष्टीने जुने क्षेत्र नव्यापेक्षा श्रीमंत असते. कारण त्याच्यापाशी नोंदींचा मोठा संचय असतो.

बॉम्बे हायच्या पुनर्विकासाचे काम २००० नंतर हाती घेण्यात आले, तेव्हा ह्याच मार्गाचा अवलंब झाला. तेथील मुख्य खडक एकसंध नाही; चुनखडकाच्या थरांमध्ये शेल ह्या मातकट खडकाचे पापुद्रे आहेत. काही भागांत तेलाच्या वर वायू आहे, आणि खाली पाणी. सरळ विहीर जरा उंच थांबली तर वायू शिरतो, जरा खोल गेली तर पाणी. म्हणून मागे राहिलेल्या तेलाच्या थरातून आडव्या विहिरी नेण्यात आल्या, तसेच जुन्या विहिरींच्या कुशीतून नव्या शाखा फोडण्यात आल्या. अशा शाखेची दिशा ठरविण्यास थरांचे अचूक ज्ञान हवे. नाही तर समुद्रात ओतलेला पैसा व्यर्थ जातो.

तथापि प्रतिकृती म्हणजे खडक नव्हे. निरनिराळ्या प्रतिकृतींचा भूतकाळाशी ताळा पडूनही त्यांचे भविष्य वेगवेगळे निघू शकते. म्हणून सावध शास्त्रज्ञ एकीवर विसंबत नाही. अनेक रचून त्यांची तुलना करतो, आणि नवी विहीर खणताच तिची साक्ष घेऊन त्या सुधारतो. प्रतिकृतीने भूगर्भात तेलाचा एक थेंबही वाढत नाही. ते कोठे राहिले आहे, एवढेच ती सांगते. परंतु लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक परदेशांतून आणणाऱ्या आपल्या देशाला, जे घरात आहे ते कोठे ठेवलेले आहे हे कळणे, ही काही लहान गोष्ट नव्हे.