वाऱ्यात झुलणारी चकती आणि पॉइंट टू-टू रायफल

साखळीला टांगलेली छोटी पोलादी चकती आडव्या वाऱ्याने झुलू लागली, की नेमबाजाचा ओढा तिच्यामागे नळी फिरवण्याकडे असतो. परंतु लंबकाचा वेग मध्यभागी सर्वाधिक असतो आणि दोन्ही टोकांना, जिथे चकती क्षणभर थबकते, तो शून्य होतो, म्हणून गोळी नेमकी तिथे पोहोचेल अशा बेताने चाप ओढणे श्रेयस्कर ठरते. 100 मीटर गाठण्यास पॉइंट टू-टू रायफलच्या गोळीला सुमारे 0.3 सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ताशी 16 किलोमीटरचा वारा तिला 10-12 सेंटीमीटर बाजूला ढकलतो. नवल असे, की ध्वनीपेक्षा वेगाने सुटलेली गोळी हवेच्या रोधामुळे झपाट्याने वेग गमावते व मंद गोळीहून अधिक भरकटते, त्यामुळे अचूक नेमबाजीत अवध्वनिक, म्हणजे ध्वनीहून कमी वेगाची, काडतुसेच पसंत केली जातात.