इनोव्हाचा धनी

मराठी घरातून दक्षिणेची सहल निघाली की वाट ठरलेली असते. बंगळूर, तिथून म्हैसूर, म्हैसूरहून उटी आणि रजा उरलीच तर कोडाईकनाल. हॉटेल कुठलं घ्यायचं, जेवणात पोळी मिळेल का, राजवाड्यावरचे दिवे रविवारी लागतात तर रविवार म्हैसुरातच कसा काढायचा, यावर घरात यथेच्छ वाद होतात. गाडीवर होत नाहीत. सात माणसं आणि त्यांच्या बॅगा असं सांगितलं की सहलवाला 'इनोव्हा लावतो' म्हणतो आणि विषय संपतो.

ही गाडी जन्मते त्याच वाटेवर. बंगळूरहून म्हैसूरकडे निघालं की तीसेक किलोमीटरवर बिडदी लागतं. खवय्यांना ते ताटाएवढ्या पसरट थट्टे इडलीसाठी माहीत. २०२३च्या मार्चमध्ये नवा द्रुतगती महामार्ग खुला झाला आणि बिडदी, शोलेचे कातळ असलेलं रामनगर, लाकडी खेळण्यांचं चन्नपट्टण, वड्यांचं मद्दूर ही सगळी गावं बाजूला पडली. तीन तासांची वाट दीड तासावर आली आणि इडली राहून जायला लागली. याच बिडदीत टोयोटा किर्लोस्कर मोटरचा कारखाना आहे. नावातला दुसरा शब्द आपल्या घरचा, त्यामुळे ही जपानी गाडीची गोष्ट मराठीत सांगण्याजोगी आहे.

खरं तर ती दोन कारागिरांपासून सुरू होते आणि दोघांच्या वयात दोनच वर्षांचं अंतर आहे. साकिची टोयोदा १८६७चे, सुताराचे चिरंजीव. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९चे, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचे. साकिचींनी लाकडी हातमाग सुधारून १८९१मध्ये पहिलं पेटंट घेतलं आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं मागच सुधारत राहिले. लक्ष्मणरावांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली मास्तरकी सोडून बेळगावात सायकली विकल्या, कडबा कापायची यंत्रं केली आणि मग लोखंडी नांगर ओतला. लोखंडानं जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे तो नांगर कुणी घेईना. पहिलं गिऱ्हाईक मिळायला दोनेक वर्षं लागली असं सांगतात. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी माळरान दिलं आणि १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

तिकडे साकिचींनी १९२४मध्ये जो स्वयंचलित माग केला, त्याची खुबी एवढीच की धागा तुटला की माग आपण होऊन थांबायचा. सदोष कापड विणलंच जायचं नाही आणि एकेक कामगार डझनावारी माग सांभाळू शकायचा. १९२९मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. साकिचींचे चिरंजीव किइचिरो यांना मोटारीचं वेड होतं. माग कारखान्यातच त्यांनी १९३३मध्ये मोटार विभाग काढला आणि १९३७मध्ये टोयोटा मोटर कंपनी वेगळी झाली. मागातली ती खुबी मात्र मोटारीच्या कारखान्यातही आली. बिडदीतही जोडणीच्या रांगेवर डोक्याशी दोरी असते. कामगाराला काही चुकलेलं दिसलं की तो ती ओढतो, फलकावर दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो आणि तेवढ्यात दुरुस्ती झाली नाही तर रांगच थांबते. साध्या कामगाराला अख्खा कारखाना थांबवायची मुभा देणं ही भारतातल्या कारखानदारीत लहान गोष्ट नव्हे.

म्हैसूर आणि किर्लोस्कर ही सोयरीकही जुनी. १९४१मध्ये त्या वेळच्या म्हैसूर संस्थानात, तुंगभद्रेकाठच्या हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली आणि पुढची कित्येक वर्षं देशभरच्या कार्यशाळांतून तिची लेथ यंत्रं फिरत राहिली. आता तो कारखाना नाही. त्याच घराण्यातल्या चौथ्या पिढीच्या विक्रम किर्लोस्करांनी अमेरिकेत एमआयटीत यंत्रशास्त्र शिकून आल्यावर टोयोटाशी जुळवलं, तेही आधी मोटारीसाठी नव्हे. १९९०च्या दशकाच्या मध्यात बंगळूरजवळ टोयोटा समूहाबरोबर कापड गिरण्यांची यंत्रं बनवायची कंपनी निघाली आणि मोटारीचा संसार १९९७मध्ये थाटला. आज त्यात टोयोटाचा वाटा ८९ टक्के आणि किर्लोस्करांचा ११. टोयोटानं त्याआधी १९८०च्या दशकात डीसीएमबरोबर उत्तर प्रदेशात हलके ट्रक काढून पाहिले होते. ते काही जमलं नाही, कारखाना पुढे देवूकडे गेला. त्यामुळे दुसऱ्या खेपेला जपानी मंडळी ताक फुंकून पीत होती.

फुंकून पिण्याचं फळ म्हणजे क्वालिस. २००० सालच्या जानेवारीत ती बाजारात आली, तेव्हा मोटारींवर लिहिणाऱ्यांनी नाकं मुरडली. इंडोनेशियातल्या किजांग गाडीच्या १९८०च्या दशकातल्या पिढीचा तो भारतीय अवतार होता आणि खुद्द इंडोनेशियात तिची पुढची पिढी येऊनही बराच काळ लोटला होता. २.४ लिटरचं जुनं डिझेल इंजिन, ताकद जेमतेम ७५ अश्वशक्ती, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, रूप डब्यासारखं. जगातल्या सगळ्यात मोठ्या मोटार कंपन्यांपैकी एक येते आणि हे आणते, असा सूर होता.

टॅक्सीवाल्यांनी तो सूर ऐकलाच नाही. त्यांना रूपाशी कर्तव्य नव्हतं. गाडी सकाळी सुरू होते का, आठ-दहा माणसं घेऊन घाट चढते का आणि महिन्यातले किती दिवस गॅरेजात उभी राहते, एवढाच त्यांचा हिशेब. बंगळूरच्या कॉल सेंटरांची रात्रपाळी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. एकच गाडी तीन पाळ्यांना पळायची, चालक बदलायचे, इंजिन गार व्हायची सवड नाही. क्वालिस त्यात टिकली आणि तिचं नाव झालं. पाच वर्षांत लाखाच्या वर गाड्या खपल्या. एरवी मोटार कंपन्या खप उतरला की गाडी बंद करतात; टोयोटानं २००५च्या आरंभी भर खपात क्वालिस बंद केली, कारण इनोव्हा आणायची होती.

इथून मला या कंपनीची गंमत वाटायला लागते. भारतातली तिची निम्मी कहाणी ही टॅक्सीवाल्याच्या हातून गाडी सोडवून घरमालकाच्या हाती देण्याच्या खटपटीची आहे आणि दर वेळी टॅक्सीवाला ती हक्कानं परत मागून घेतो. इनोव्हा महाग ठेवली, आतून नीटनेटकी केली, तर टॅक्सीवाल्यानं भाड्याचा दर वाढवला आणि तीच घेतली. २०१०च्या डिसेंबरात खास भारतीय कुटुंबासाठी म्हणून इटिऑस आणली. कुटुंबांनी ती पाहिली, 'चांगली आहे' म्हणाली आणि दुसरीच गाडी घेतली. विमानतळांबाहेर पिवळ्या पाट्यांच्या इटिऑसच्या रांगा लागल्या आणि मग तर 'टॅक्सीची गाडी' म्हणून उरलेलं घरगुती गिऱ्हाईकही बिचकलं. २०२०मध्ये ती बंद झाली. इनोव्हाला मात्र हा शाप बाधला नाही. तीच गाडी टॅक्सी म्हणून पळते, मंत्र्यांच्या ताफ्यात पळते, डॉक्टरांच्या दारात उभी असते आणि लग्नात नवरदेवालाही चालते. महाराष्ट्रातल्या राजकारणात तर पांढरी इनोव्हा ही पदाची पहिली पायरी मानतात; जिल्हा परिषदेचं तिकीट मिळायच्या आधी गाडी येते.

असं काय आहे तिच्यात? लोखंडाची शिडीसारखी चौकट, त्यावर बसवलेला सांगाडा, मागची चाकं ओढणारी. ही रचना ट्रकची. पण क्वालिसच्या पाट्या काढून मागे गुंडाळी स्प्रिंगा दिल्या, त्यामुळे बसणाऱ्याला ट्रक जाणवत नाही. अडीच लिटरचं डिझेल इंजिन १०२ अश्वशक्तीचं होतं, आकडा भारी नाही. पण त्याचा पूर्ण जोर, २०० न्यूटन मीटर, १४०० फेऱ्यांपासूनच हाताशी यायचा. घाटात हीच गोष्ट कामाची. बंडीपूर-मुदुमलाईचं जंगल ओलांडून मसिनगुडीवरून उटीला चढलं की कल्हट्टी घाटात ३६ नागमोडी वळणं आहेत. भरलेली गाडी चढाला लागली की भार मागे सरकतो आणि ओढणारी चाकंही मागेच असल्यानं ती जमीन घट्ट धरतात. चालक दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन न रडवता चढत राहतो, मागच्या ओळीतल्या आजीबाईंचं आवळासुपारीवर निभावतं. छतातून येणारा गार वारा तिसऱ्या ओळीपर्यंत पोचतो, हेही आजीबाईंच्या मतात धरलं पाहिजे. गाडीचं खरं परीक्षण त्याच करतात आणि घरी परतल्यावर चार शेजारणींना सांगतात.

म्हैसुरात राजवाड्यासमोरच्या वाहनतळावर सकाळी गेलात तर या गाड्यांचे धनी भेटतात. बहुतेक जण स्वतःच मालक, स्वतःच चालक. मराठी माणसांच्या सहलींमुळे कामचलाऊ मराठी सगळ्यांना येतं: थांबा, चला, जेवण, चहा, बाथरूम. अशाच एकानं मला त्याची जुनी इनोव्हा दाखवली. काट्यावर पाच लाखांच्या पुढचा आकडा होता. स्टीअरिंगचं चामडं दोन हातांच्या जागी झिजून गुळगुळीत झालं होतं, क्लचच्या पॅडलवरचं रबर नवं होतं, समोर चामुंडेश्वरी आणि तिच्या पायाशी चंदनाच्या अगरबत्तीची राख. इंजिन कधी उघडलं का, विचारलं. त्यानं कानाला हात लावला. लाख-दीड लाख झाले की टायमिंग बेल्टचा दिवा लागतो, तो लागला की त्याच आठवड्यात पट्टा बदलायचा, तेल वेळेवर आणि थंड इंजिनाला लगेच पळवायचं नाही, बस. ड्रायव्हरच्या दारातल्या कप्प्यात एक वही होती. डिझेल, टोल, टायर, तेल, सगळं तारीखवार. जुनी गाडी विकताना ही वही दाखवली की दोन पैसे जास्त येतात, असं तो म्हणाला. इनोव्हाची पुनर्विक्रीची किंमत हा मालकांच्या गप्पांतला सगळ्यात लाडका विषय. मुलीच्या लग्नाला सोनं मोडण्यापेक्षा गाडी मोडलेली परवडते, इतका तिच्यावर भरवसा.

तक्रारी नाहीत असं नाही. गाडी जड, शहरात डिझेल खाते, सुटे भाग महाग, हे सगळेच सांगतात आणि सांगून झाल्यावर पुन्हा तीच घेतात. म्हैसुरातल्या चालकांची खरी घाई वेगळीच असते. बंडीपूरचा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. उटीहून उतरताना पाहुण्यांनी चॉकलेटच्या दुकानात वेळ काढला की चालकाचा जीव खालीवर होतो, कारण नाक्यावर फाटक पडलं तर रात्र गाडीत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आपल्या खंडेनवमीला, म्हैसुरात आयुधपूजा असते. राजवाड्यात शस्त्रांबरोबर राजघराण्याच्या मोटारीही पूजल्या जातात आणि गल्लोगल्ली टॅक्सींना केळीचे खुंट, झेंडूच्या माळा लागतात. कुंकू भरलेला कोहळा गाडीवरून ओवाळून रस्त्यावर फोडतात, चाकांखाली लिंबं ठेवून गाडी त्यावरून काढतात. दुसऱ्या दिवशी त्या कोहळ्यांवरून घसरणाऱ्या दुचाक्यांबद्दल पोलीस दरवर्षी बजावतात आणि दरवर्षी कोहळे फुटतात.

इतका मान असलेल्या गाडीच्या कारखान्यात सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मात्र नाही. २००६, २०१४ आणि २०२० अशा तीन खेपांना बिडदीत संप किंवा टाळेबंदी झाली. दोरी ओढून रांग थांबवायचा हक्क देणाऱ्या व्यवस्थेत कामाच्या वेगावरून भांडण व्हावं, यात विसंगती आहे खरी. सेकंदासेकंदाचा हिशेब ठेवणारी शिस्त जपानी व्यवस्थापनाला गुण वाटते. ती अंगावर काढणाऱ्याला तसंच वाटेल असं नाही. त्याच आवारात २००७पासून कंपनीची निवासी तंत्रशाळाही आहे. कर्नाटकातल्या खेड्यांतली, दहावी झालेली गरिबाघरची मुलं तिथे तीन वर्षं शिकतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

२०१६मध्ये इनोव्हा क्रिस्टा आली, मोठी, ताकदवान आणि बरीच महाग. २५ नोव्हेंबर २०२२ला इनोव्हा हायक्रॉसचं अनावरण झालं आणि चारच दिवसांनी विक्रम किर्लोस्कर गेले. वय ६४. हायक्रॉसमध्ये शिडीची चौकट नाही, मागची चाकं ओढत नाहीत आणि डिझेलही नाही. पेट्रोल इंजिन आणि जोडीला बॅटरीवरची मोटर. लिटरला २३ किलोमीटरच्या वर जाते असा कंपनीचा दावा. घरमालकांनी ती उचलून धरली, महिनोन्‌महिने थांबून घेतली. डिझेल क्रिस्टाची नोंदणी तेव्हा थांबली होती. वाटलं, आता टॅक्सीवाला सुटला. २०२३च्या सुरुवातीलाच कंपनीनं डिझेल क्रिस्टा परत आणली. किंमत वीस लाखांच्या आसपास, गिअर हातानंच टाकायचे, रंगरूप फारसं न बदलता.

२०२४च्या जुलैअखेर टोयोटा किर्लोस्करनं महाराष्ट्र सरकारशी करार केला. छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला नवा कारखाना, गुंतवणूक सुमारे २० हजार कोटी. लक्ष्मणरावांचं नाव असलेली मोटार महाराष्ट्रात बनायची वेळ एकदाची येते आहे. बिडकीनमध्ये विजेवरच्या आणि बॅटरीच्या जोडीच्या गाड्या होतील अशी बोलणी आहेत. म्हैसूरच्या त्या वहीवाल्याला हायक्रॉसचं विचारलं होतं. तो म्हणाला, गाडी छान आहे साहेब, आवाजच नाही, माझा पाहुणा मागे झोपून जाईल. पण भरल्या गाडीत पुढची चाकं कल्हट्टीत घसरली तर? बॅटरीला काही झालं तर गुंडलूपेठला कोण बघणार? आणि पाच लाख किलोमीटर चाललेली एक तरी मला दाखवा, मग बोलू. तोवर त्यानं मुलाच्या नावानं क्रिस्टा नोंदवली होती, डिझेलची, पांढरी.