एका मिनिटाचं आवर्तन

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात आपल्या शेजारचा श्रोता मांडीवर बोटांनी मात्रा मोजत असतो. विलंबित एकताल चालू आहे. मात्रा बाराच, पण लय इतकी संथ की एक आवर्तन पुरं व्हायला जवळपास मिनिट लागतं. तेवढ्यात गायक डोळे मिटून मंद्रात उतरतो, वर येतो, एकाच स्वरावर रेंगाळतो आणि मग मुखडा उचलून नेमका समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, टेकवतो. आख्ख्या मांडवातल्या माना एकदम हलतात. यातलं काहीच लिहिलेलं नसतं. पुष्कळदा गायकाची आणि तबलजीची त्याआधी एकत्र तालीमसुद्धा झालेली नसते.

मग जमतं कसं?

बरंचसं गुपित ठेक्यात आहे. एकतालात ‘धागे तिरकिट’ दोनदा येतं, तिसऱ्या-चौथ्या मात्रेला आणि पुन्हा नवव्या-दहाव्या मात्रेला. पहिल्याच्या आधी ‘धिं धिं’ वाजतं, दुसऱ्याच्या आधी ‘कत् ता’. मुरलेला गायक मात्रा मोजत बसत नाही. ‘कत् ता’ मागचं तिरकिट कानावर पडलं की त्याला उमगतं, आता ‘धी ना’ एवढंच उरलं. त्या दहाएक सेकंदांत हातातली आलापी कुठे सोडायची आणि मुखड्याला जागा कशी करायची, हे ठरतं. ठरवतो कोण, ते त्यालाही सांगता येणार नाही.

तिहाईचा, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर येण्याचा, हिशेब उघड आहे, तरी चकवतो. तीनतालाच्या सोळा मात्रा घ्या. पाच मात्रांचा बोल समेपासून सुरू करा, तीनदा वाजवा, मध्ये दोनदा एकेक मात्रा थांबा. पंधरा आणि दोन, सतरा. आणि सतरावी म्हणजे पुढची सम! खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून निघालात तर तीन मात्रांचा बोल न थांबता तीनदा पुरतो. वाजवणारा हे चालत्या लयीत करतो, शिवाय समोरच्याचा डाव ओळखून.

आयत्या वेळी सुचणाऱ्या संगीताचं वेड इथलंच नाही. कॅलिफोर्नियात 1965 साली जमलेल्या ‘ग्रेटफुल डेड’ या बँडचे चाहते, म्हणजे ‘डेडहेड्स’, गावोगाव त्यांच्या मागे जात. कारण एकच गाणं काल आठ मिनिटांचं, तर आज वीस मिनिटांचं होई. 1984 पासून तर बँडने ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी वेगळी जागाच राखली. कुठल्या रात्री काय वाजलं, यावर ते सदाशिव पेठेला शोभेल इतक्या हिरिरीने भांडत. बँडचा ड्रमर मिकी हार्ट तालाचे धडे घ्यायला उस्ताद अल्लारखाँकडे पोचला होता. पुढे झाकिर हुसेन यांच्याबरोबर 1976 मध्ये ‘दिगा’ आणि 1991 मध्ये ‘प्लॅनेट ड्रम’ हे अल्बम त्याने केले. दुसऱ्याला ग्रॅमीही मिळालं.

असं आयत्या वेळी सुचताना डोक्यात काय चालतं? 2008 साली अमेरिकेत चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्रॉन यांनी सहा जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून वाजवायला लावलं. पाठ केलेलं वाजवताना आणि आयत्या वेळी सुचेल ते वाजवताना मेंदूचं चित्र वेगळं निघालं. सुचेल ते वाजवताना स्वतःवर पहारा ठेवणारा पुढचा भाग मंदावला आणि स्वतःचं काही सांगताना जागा होणारा भाग चेतला. सहाच माणसं, तेही यंत्रात आडवी पडलेली. फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण डोळे मिटलेला गायक पाहिला की हे पटतं.

आता माझं मत. मैफल जोखायची तर समेवरच्या टाळ्या मोजू नयेत. सवाल-जवाब तर बहुतेक वेळा बेतलेलेच असतात, आणि टाळ्या तिथेच सर्वाधिक पडतात. खरी परीक्षा विलंबितातल्या चौथ्या-पाचव्या आवर्तनात. तयार माल संपतो आणि उपज सुरू होते ती तिथे. तिथे गायक किंचित अडखळला, तबलजीने लय तसूभरही न हलवता त्याला सांभाळून घेतलं, आणि त्यातूनच एखादी नवी जागा सापडली, तर तिकिटाचे पैसे वसूल.

गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मृतीसाठी भीमसेन जोशींनी 1953 मध्ये हा महोत्सव सुरू केला. पुढे रमणबागेच्या पटांगणात तो रात्रभर रंगे, पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळत. आता तो मुकुंदनगरला असतो आणि ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे रात्रीला वेसण आली आहे. कलाकाराच्या वाट्याला मोजका वेळ, त्यामुळे तरुण गायक दोन-चार आवर्तनांतच द्रुताकडे वळतो. त्याचं तरी काय चुकलं? घड्याळ समोरच असतं. म्हणून सवाई चुकवू नये, पण विलंबित ऐकायचं असेल तर वर्षभर शहरात होणाऱ्या पन्नास-साठ माणसांच्या घरगुती बैठका शोधाव्यात. तिथे माइक नसतो, आणि तबल्याच्या शाईवर फिरणारं बोटही ऐकू येतं.