कोकरांचा हिशेब मे महिन्यातच लागतो

भाताची कापणी उरकली, दिवाळी सरली की देशावरचे मेंढपाळ धनगर कोकणात उतरू लागतात. महाड-पोलादपूरकडे यायचं तर वरंध नाही तर आंबेनळी घाट. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावरच बांधलेल्या कोंबड्या, आणि झोळीत दोन-चार दिवसांची कोकरं. खाली खाचरं रिकामी झालेली असतात. शेतकऱ्याला लेंडीखत हवं असतं, मेंढरांना धसकटातला आणि बांधावरचा चारा. वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरांची खांड रात्रभर शेतात बसवली की धान्य किंवा रोख हातात पडते. वाल-पावटा पेरलेल्या शेताच्या मालकाशी मात्र जरा जपूनच राहावं लागतं. मे संपायच्या आत सगळे घाट चढून माघारी.

या मुक्कामाकडे चाऱ्याची सोय म्हणूनच पाहिलं जातं. पुढच्या वर्षी खांडीत किती कोकरं असतील, याचा बराचसा निकाल इथेच लागतो, हे फारसं कुणी बोलत नाही. आड येतात ते रुळलेले समज.

‘मेंढा माजावरच्या मेंढीवर उडतोय, म्हणजे काम झालं’

मेंढी सुमारे पाच महिने, म्हणजे 150 दिवसांच्या आसपास गाभण असते. देशावर पहिला पाऊस पडून गवत फुटलं की जून-जुलैत बऱ्याच मेंढ्या माजावर येतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरात, नेमक्या कोकणच्या वाटेवर, वितात. म्हणून सगळं लक्ष जुलैकडे. पण मेंढ्याचं वीर्य तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. जुलैत कामाला येणाऱ्या वीर्याची तयारी मे महिन्यात सुरू झालेली असते, तेव्हा मेंढा सावित्री नदीच्या खोऱ्यातल्या दमट उन्हात चालत असतो. ताप येऊन गेला, उन्हाचा तडाखा बसला, तर बीज खराब होतं. अंगकाठी तीच, जोमही तोच, मेंढा उडतोही. मेंढ्या मात्र रिकाम्या राहतात, आणि दोष मेंढ्यांना लागतो.

एप्रिल-मेमध्ये मेंढ्याला दुपारी झाडाची सावली, पोटभर पाणी आणि मूठ-दोन मूठ भरडा मिळाला, तर त्याची वसुली पाच पटीने होते असं मी म्हणणार नाही, पण याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही. कळपात सोडण्याआधी वृषण हाताने चाचपावेत: दोन्ही सारखे, घट्ट, आत गाठ नको. खूर वाढले असतील तर कापावेत, लंगडणारा मेंढा काय उडणार? पंचवीस-तीस मेंढ्यांमागे एक जाणता मेंढा पुरतो.

मेंढा चालतो की नाही, हे पाच महिने वाट न पाहता कळू शकतं. गेरू तेलात घट्ट कालवून त्याच्या छातीला फासायचा. ज्या मेंढीवर तो उडेल, तिच्या पाठीवर मागच्या बाजूला तांबडा डाग उमटतो. मेंढीचा माज साधारण 17 दिवसांनी फिरतो, म्हणून सतरा दिवसांनी गेरूऐवजी काजळी किंवा नीळ वापरायची. तांबडा डाग असलेल्या पुष्कळ मेंढ्यांवर दुसराही रंग दिसला, तर त्या पहिल्या वेळी राहिल्या नाहीत. दोष बहुधा मेंढ्यातच. तो लगेच बदलावा, हंगाम अजून हातात असतो.

‘मेंढी चरते आहे ना, मग पोट भरतंच’

लोकर अंगावर असली की मेंढी भरलेली दिसते. शेवटच्या बरगडीच्या मागे, कण्यावर बोटं दाबून पाहावं. मणक्यांची टोकं सुरीच्या धारेसारखी लागली तर मेंढी रोडावली आहे; बोटाला गोलसर लागली, थोडं दाबल्यावर कळली, तर ठीक; दाबूनही कळली नाहीत तर चरबी चढली आहे. मे महिन्यात कोकणातलं गवत वाळून गेलेलं असतं, तेव्हा घाट चढायच्या आधी हा हात प्रत्येक मेंढीच्या पाठीवरून फिरावा. रोडावलेल्यांना मेंढा लागायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून रोज पाव किलोपर्यंत धान्य किंवा बाभळीच्या शेंगा मिळाल्या, तर त्या माजावर वेळेत येतात आणि गाभण राहण्याचं प्रमाण वाढतं. आधीच गुबगुबीत असलेलीला हा खुराक देऊन फायदा नाही.

‘दख्खनीला एका वेतात एकच, जातच तशी’

बहुतांशी खरं आहे. दख्खनी मेंढीला जुळी क्वचितच होतात. पण जुळ्यांचा प्रश्न नशिबाचा नाही, हे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दाखवून दिलं. सुंदरबनात गरोल नावाची चिमुकली मेंढी असते, वजनाने दख्खनीच्या निम्मीही नाही. पण ती दोन-दोन, कधी तीन कोकरं देते. तिच्यातलं एकच जनुक याला कारणीभूत आहे, त्याला फेक-बी म्हणतात. 2001 मध्ये त्यातला नेमका बदल शोधला गेला. गंमत अशी की ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत हेच जनुक आहे, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून जहाजाने गेलेल्या मेंढ्यांतून ते तिकडे पोचलं असं मानलं जातं. फलटणला गरोलचं जनुक दख्खनीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार झाली. आई किंवा बाप, एकाकडूनच जनुक मिळालेल्या मेंढीला सरासरी दीडच्या आसपास कोकरं होतात. रक्ताच्या तपासणीने कोणात ते आहे, हे सांगता येतं.

मग सगळ्यांनी नारी सुवर्णाच घ्यावी का? घाट उतरणाऱ्याने जरा थांबून विचार करावा. समजा शंभर मेंढ्यांपैकी नव्वद व्यायल्या, नव्वद कोकरं झाली आणि वीस मेली. विकायला उरली सत्तर. मर निम्म्यावर आणली तर ऐंशी होतात, नवं जनुक न आणता. उलट जुळ्यांमुळे 130 जन्मली, पण आईला दूध नाही, वाटेत थांबायला जागा नाही, म्हणून चाळीस टक्के गेली, तर उरतात 78. एका जागी राहून, बांधावरचा पाला, मका, पेंड देणाऱ्याला जुळी परवडतात. रोज चालणाऱ्या कळपाला आधी मर कमी करणं परवडतं. नफा जन्मलेल्या कोकरांतून निघत नाही, बाजारात उभ्या केलेल्या कोकरांतून निघतो. लोकरीचा यात भरवसा धरू नये. दख्खनीची लोकर भरड, घोंगडीपलीकडे गिऱ्हाईक थोडं, कातरणीची मजुरी सुटली तरी पुष्कळ.

‘गाभण मेंढीला खुराक दिला की कोकरू मोठं होऊन अडतं’

हा समज महागात पडतो. पोटातल्या कोकराची वाढ मुख्यतः शेवटच्या सहा आठवड्यांत होते. तेव्हाच हात आखडला तर कोकरू हलकं जन्मतं, आईला पान्हा फुटत नाही, आणि पोटात जुळी असतील तर मेंढी अंगातली चरबी जाळून सुस्त होते, खाणं सोडते, कधी मरतेही. दख्खनीचं कोकरू अडण्याची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात: पाय मुडपलेला, मान वळलेली. याच शेवटच्या महिन्यात मेंढीला आंत्रविषाराची लस टोचली, तर तिच्या चिकातून कोकरालाही संरक्षण मिळतं.

‘वार पडल्याशिवाय चीक पाजू नये’

हे महाडच्या गोठ्यांत म्हशीबद्दल ऐकू येतं, मेंढपाळांच्या वाड्यावर मेंढीबद्दल. वार पडायला काही तास लागतात आणि कोकराला तेवढा वेळ नसतो. चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात शोषली जाण्याची क्षमता तासातासाने घटते, चोवीस तासांत जवळपास संपते. पहिला चीक तासाभरात पोटात जायला हवा. सडाच्या टोकाशी मेणासारखी बुच्ची असते. बोटाने एक-दोन पिळ्या काढून ती मोकळी करावी, नाहीतर कोकरू चोखत राहतं आणि पोटात काही जात नाही. अडीच किलोच्या कोकराला पहिल्या दिवसात अर्धा लिटरभर चीक लागतो. शिवाय कोकराने चोखल्याने वार पडायला मदतच होते. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायला विसरू नये.

‘जंताचं औषध कधीही दिलं तरी चालतं’

खाचरातल्या ओलाव्यात गोगलगायी असतात आणि त्यांच्यामार्फत यकृतातल्या चपट्या जंताची पिल्लं गवतावर येतात. ओढ्याकाठची हिरवी लव मेंढ्यांना दिसली की त्या धावतात. तिथून त्यांना आवरावं. लेंडी तपासून औषध ठरवावं. अल्बेंडाझोल तर गाभण राहिल्याच्या पहिल्या महिन्यात अजिबात नको, त्याने गर्भाला व्यंग येऊ शकतं.

‘दिसायला भारी नर आधी विकावा’

खाटीक ऐटीतल्या नराला जास्त पैसे देतो, म्हणून तो जातो आणि उरलेला कुरूप, उशिरा वाढलेला नर कळपाचा बाप होतो. वर्षानुवर्षं हेच चाललं तर कोकरांचं वजन उतरतच जातं. दरवर्षी सर्वांत झपाट्याने वाढलेल्या नरांपैकी दोन राखावेत, आणि दोन वर्षांनी शेजारच्या वाड्याशी अदलाबदल करावी, म्हणजे मुलीवर बाप जात नाही.

‘मेमध्ये स्वस्तात मिळतात, आपणच ठेवून घ्याव्यात’

हा महाड-पोलादपुरातल्या शेतकऱ्याचा मोह. माघारी निघालेला मेंढपाळ थकलेल्या मेंढ्या कमी दरात देतो, त्या त्याने उगाच दिलेल्या नसतात. पुढे चार महिने कोसळणारा पाऊस, भिजलेली लोकर, चिखलात सडणारे खूर, आणि वर यकृतातला जंत. डोंगरातल्या धनगरवाड्यांवरचे गवळी धनगर पिढ्यान्‌पिढ्या म्हशी आणि शेळ्या पाळत आले, मेंढ्या नाहीत, त्याला कारण आहे. इथे जनावरात पैसा घालायचाच तर शेळी घ्यावी. सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ याच पावसात मुरलेली आहे. तिलाही जमिनीपासून दोन-तीन हात उंच, फटी ठेवलेला लाकडी माचा हवा, म्हणजे लेंडी-मूत खाली पडतं आणि खूर कोरडे राहतात. मेंढ्यांकडून महाडकराने खत घ्यावं, राबाच्या जागेवर खांड बसवून घ्यावी, आणि मेमध्ये मेंढपाळाच्या मेंढ्यांना सावलीची आणि पाण्याची जागा आधीच दाखवून ठेवावी.