घाट चढून आलेलं आयोडीन

साताऱ्या-सांगलीला समुद्र नाही, तरी दर जूनमध्ये तो ढगांवाटे घाट चढून येतो. येताना थोडं आयोडीनही आणतो. त्याचा माग काढायला मात्र बराच काळ लागला.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात आयोडीन जेमतेम ६० मायक्रोग्रॅम, त्यातलं बरंचसं आयोडेटच्या रूपात. किनाऱ्यालगतच्या पाण्यात कुजलेल्या पालापाचोळ्याचा अंश असतो; अशा पाण्यावर ऊन पडलं की आयोडेटचं आयोडाइड होऊ शकतं, हे स्पोक्स आणि लिस या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं. हवेतला ओझोन या आयोडाइडशी भिडला की आयोडीन वर सुटतं. त्यात हायपोआयोडस आम्लाचा वाटा मोठा, असं २०१३ मध्ये ल्युसी कार्पेंटर यांच्या गटानं मांडलं. आपल्या बाजूच्या महासागरावर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या अनुप महाजन यांच्या गटानं हवेतलं आयोडीन ऑक्साइड मोजलं; तो अभ्यास २०२० चा.

आता हिशेब बघा. पावसाच्या लिटरभर पाण्यात आयोडीन साधारण एक-दोन मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाची रोजची गरज १५०. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तिकडे माण आणि जतचं आभाळ कोरडंच. पण नुसत्या पावसावर दोन्हीकडच्यांचं भागणार नाही. आयोडीन कमी पडलं की गलगंड होतो, म्हणून आयोडीनचं मीठ.

हिमालयातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामींनी एका भागाला आयोडाइडचं, दुसऱ्याला आयोडेटचं मीठ दिलं, तिसऱ्याला साधं. आयोडीनच्या दोन्ही मिठांनी गलगंड घटला. १९६२ चा गलगंडविरोधी राष्ट्रीय कार्यक्रम मात्र हिमालयाच्या पट्ट्यापुरता होता, जणू सपाटीवर कुणाचा गळा सुजतच नव्हता! सगळंच खाण्याचं मीठ आयोडीनयुक्त करायचं ठरायला १९८४ उजाडलं. त्यासाठी खाण्याच्या साध्या मिठाच्या विक्रीवर घातलेली बंदी केंद्रानं २००० मध्ये उठवली आणि २००६ मध्ये पुन्हा घातली. माझ्या मते, मधली सहा वर्षं फुकट गेली.

मिठासाठी आपण आयोडेट निवडलं, त्यालाही ऊन कारणीभूत. ऊन आणि दमट हवा लागली की आयोडाइडमधलं आयोडीन उडून जातं. आयोडेट जास्त टिकतं. तरी चुलीशेजारच्या उघड्या बरणीतलं मीठ हळूहळू कमजोर होतंच. लोणच्यासाठी आणलेल्या खडेमिठाची तर खात्रीच नसते. तपासणीच्या किटमधल्या द्रावणाचा थेंब चिमूटभर मिठावर टाकला की ते निळं-जांभळं होतं. पण हा रंग आयोडेटचाच. मिठात नुसतं आयोडाइड असेल, तर आयोडीन असूनही ते पांढरंच राहतं.